सदूने सोडलेली तितरी

“उंच बाभळीच्या शेंड्यावर तितराचे घरटे होते. घरट्यात चार पिल्ले चोची वासून आईची वाट पाहत होती...”

एवढं वाचून झालं आणि दाराकडून खुदकन हसण्याचा आवाज आला. मी कागद खाली केला. चौथीचा सगळा वर्ग मान वळवून दाराकडे बघत होता.

“कोण हसलं?”

विचारायची गरज नव्हती. दाराशी एकटी सुरमी काळे बसायची. आपल्या गोणपाटावरून ती उठून उभी राहिली. तोंडावर हात होता, पण डोळे अजून हसत होते.

“काय गं, काय झालं हसायला?”

“कायी न्हाई, बाई.”

“सांग. मी रागावत नाही.”

“तितर झाडावर अंडी न्हाई घालत, बाई. झाडावर निस्तं निजाया जातं. अंडी भुईवर घालतं, झुडपाच्या बुडाला.” जरा थांबून तिने आणखी सांगितलं, “आन् त्याची पिल्लं चोची वासून न्हाई बसत. अंड्यातनं निघाली की पळायाच लागत्यात.”

पाटलांचा श्रीपती पुढच्या रांगेत होता. तो म्हणाला, “तिलाच इचारा, बाई. खायाला कसं लागतं ते बी सांगंल.”

वर्ग हसला. “श्रीपती, गप्प,” मी म्हणाले. तेवढंच म्हणाले. पुढची गोष्ट मी वाचली नाही, पाढे म्हणायला लावले.

हे सगळं सीना नदीच्या काठच्या एका लहान गावातलं. साठ वर्षं होत आली. मी सव्वीस वर्षांची होते, मूळची सांगलीकडची. गावात एक खोली घेऊन एकटी राहत होते. शाळा दोन खोल्यांची. एकीत उंबरे गुरुजी पहिली-दुसरी बघायचे, दुसरीत मी तिसरी-चौथी.

त्या वर्षी माझ्या मनात दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे पुण्याच्या मुलांच्या मासिकात माझी गोष्ट छापून यावी. मुलांनी पाखरांवर दगड मारू नयेत, झाडं ओरबाडू नयेत, मुक्या जिवांवर माया करावी, अशा गोष्टी मी लिहायची. तीन पाठवल्या होत्या, तिन्ही परत आल्या होत्या. तिसरीबरोबर संपादकांनी कार्डावर दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘उपदेश भरपूर आहे, रान कुठेच नाही. तितर आपण पाहिला आहे काय?’ तीच गोष्ट मी वर्गात वाचून पाहत होते, कुठं चुकलं ते कळावं म्हणून. ते कळलं.

दुसरी गोष्ट सुरमीची. गावाबाहेरच्या गायरानात फासेपारध्यांची पाच पालं होती. मीच तिथं चार वेळा जाऊन, तिच्या बापाला, डोंगऱ्या काळेला, गळ घालून तिला शाळेत आणलं होतं. तीन वर्षं ती टिकली होती. चौथी पास झाली की जिल्ह्याच्या गावी मुलींच्या सरकारी वसतिगृहात तिची सोय होणार होती. त्यासाठी विस्तार अधिकाऱ्यांची शिफारस लागणार होती. त्या पालांमधून आजवर कुणीही चौथी पास झालेलं नव्हतं. सुरमी झाली असती. गणितात ती श्रीपतीच्या पुढे होती.

ती दाराशी का बसायची हेही सांगायला हवं. ती माझ्या वर्गात आली त्या पहिल्याच आठवड्यात गावातल्या दोन-तीन बायका येऊन माझ्याशी बोलून गेल्या होत्या. मी सुरमीला म्हणाले, “तू दाराशी बस, तिथं वारा चांगला येतो.” ती लगेच जाऊन बसली.

मधल्या सुट्टीत मी तिला हाक मारली. ती ओट्यावर माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसली.

“बाई, तुमी तितर बगितलाय का?”

“बघितलाय. उडताना.”

“उडताना तर कुनी बी बघंल.”

मला हसू आलं, तीही हसली. मग मी वही काढली. त्या दिवसापासून रोज मधल्या सुट्टीत आमची उलटी शाळा भरायची. ती सांगायची, मी लिहून घ्यायची. नराच्या पायाला मागं काटा असतो, मादीला नसतो. सकाळी नर ओरडतो ते जागेवरून भांडण म्हणून ओरडतो, “तुमच्यात बांधावरून भांडत्यात ना, तसं.” पिल्लं मागं असताना माणूस दिसलं तर मादी लंगडल्याचं सोंग करून दुसरीकडे पळते. टिटवी नुसत्या खड्यांत अंडी घालते आणि त्यांच्यावर पाय पडला तरी माणसाला कळत नाही.

“तुझा पाय पडलाय कधी?”

“माजा कशाला पडंल? श्रीपतीचा पडंल.”

मी लिहिलेलं तिला वाचून दाखवायची. चुकलं की ती मान हलवायची, मी खोडायची. एकदा मला म्हणाली, “बाई, तुमी लई लवकर शिकता.” माझीच वाक्यं ती मला परत देत होती.

दिवाळीच्या आधी माझी गोष्ट पुरी झाली. ती अशी होती. सदू नावाचा एका पाटलाचा गुणी मुलगा असतो. तो रानात जातो, तेव्हा एका दुष्ट पारध्याने गवतात फास मांडलेले असतात. एक तितरी फासात सापडते. सदू तिच्या पोटावर फुंकर मारतो, पिसं बाजूला होतात आणि खाली उघडी ऊबदार कातडी दिसते. त्याला कळतं, ही अंड्यावर बसलेली आई आहे. तो तिला सोडून देतो. पारधी काठी घेऊन धावत येतो. सदू त्याला विचारतो, “काका, तुम्हालाही आई असेल ना?” पारध्याच्या डोळ्यांत पाणी येतं, तो सगळे फास मोडून टाकतो आणि पुन्हा पाखरं धरणार नाही असा शब्द देतो.

पहिल्या खर्ड्यात मी ‘शिकारी’ लिहिलं होतं. पण शिकारी म्हटलं की डोळ्यांपुढे बूट, बंदूक आणि जीपगाडी यायची. ‘पारधी’ कसा गोष्टीतला शब्द होता. लहानपणी ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत जाळं घेऊन पारधीच येत असे. मी शिकारी खोडून पारधी लिहिलं. अकरा ठिकाणी खोडावं लागलं. गोष्टीतला पारधी आणि गायरानातला पारधी एकच, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नाही, एवढंच.

ही गोष्ट तेवढी मी सुरमीला वाचून दाखवली नाही. तिने दोनदा विचारलं. “छापून आली की सगळ्यांना एकदमच वाचून दाखवीन,” मी म्हणाले.

संपादकांचं कार्ड पंधरा दिवसांत आलं. ‘आता रान आले. फेब्रुवारीच्या अंकात घेत आहोत.’

अंक हातात पडला त्याच आठवड्यात विस्तार अधिकारी शाळेत येणार होते. उंबरे गुरुजींनी अंक उलटसुलट करून पाहिला, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “खेडलेकर बाई, साहेबांच्या समोर हाच पाठ घ्या. गोष्ट वाचा, प्रश्न विचारा. साहेब खूश झाले की सुरमीचा कागद पुढे करतो. सही आपोआप होईल.”

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. माझ्याही नव्हतं.

साहेब सायकलवरून आले, खुर्चीत बसले, पाणी प्याले. खोलीभर मुलं नीट रांगेत बसली होती. सुरमीने केस ओले करून चापून बसवले होते, आणि ती दाराशीच, पण जरा पुढं सरकून बसली होती. अंक माझ्या हातात पाहिल्यापासून तिची नजर हलत नव्हती.

मी वाचायला लागले. गवताचं वर्णन आलं, झुडपाच्या बुडाशी घातलेली अंडी आली, तेव्हा तिने शेजारी कुणी नसतानाही मान वळवून बाजूला पाहिलं, कुणाला तरी सांगायचं असल्यासारखं. मग मी वाचलं, “इतक्यात तेथे एक दुष्ट पारधी आला.”

सगळा वर्ग दाराकडे वळला. मुलं काही ठरवून वळली नाहीत. त्यांच्यासाठी पारधी हा गोष्टीतला शब्द नव्हता.

“ए सुरमे, तुजा बा आला बघ,” श्रीपती हळूच म्हणाला. पाचसहा जण फिसकन हसले.

मी वाचत राहिले. साहेब ऐकत होते. मध्ये थांबले असते तर पाठ मोडला असता. अकराच्या अकरा वेळा मला तो शब्द वाचावा लागला आणि दर वेळी त्या माना वळल्या, शेवटी शेवटी तर आधीच वळून तयार राहायला लागल्या.

गोष्ट संपली. साहेबांनी मान डोलावली. मी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“तितरी फासात सापडली तेव्हा सदूने काय केलं?”

“सोडून दिली.”

“का सोडली?”

“त्याला दया आली.”

“पारध्याला शेवटी काय वाटलं?”

“लाज वाटली,” सगळे एका सुरात.

“बाई.”

सुरमी उभी राहिली होती. हसत नव्हती.

“बोल, सुरमी.”

“बाई, सदू कोन?”

“सदू म्हणजे गोष्टीतला मुलगा.”

“पर ती तितरी तर माज्या बानं सोडली. फुंकर बी बानंच मारली.”

मग श्रीपती म्हणाला, “तुजा बा? तुजा बा सोडंल व्हय? भाजून खाईल,” आणि सगळी खोली हसली.

साहेबांनी विचारलं, “काय म्हणतेय ती?”

“काही नाही, साहेब. गोष्टीवरून काहीतरी...”

“बाई, तुमी बी व्हतात की तितं,” सुरमी म्हणाली. आवाज चढवून नाही. मी विसरले असेन आणि आठवण करून द्यावी, तशी. “तुमी बगितलं की.”

साहेब आता माझ्याकडे पाहत होते. उंबरे गुरुजी पाहत होते. माझ्या हातात माझ्या नावाचा छापील अंक होता.

“सुरमी,” मी म्हणाले, “खोटं बोलू नये. बस खाली.”

ती बसली नाही. माझ्याकडे बघत थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग वाकून तिने गोणपाटाची घडी केली, पाटी-दप्तर उचललं आणि दारातून निघून गेली. पळत नाही, चालत.

“असू द्या, बाई,” साहेब म्हणाले. “या लोकांना सवयच असते. हळूहळू सुटेल. तुम्ही फार चांगलं काम करता आहात.” त्यांनी शेरेबुकात लिहिलं, ‘कथेच्या माध्यमातून भूतदया व निसर्गप्रेम रुजवण्याचा स्तुत्य उपक्रम.’ सुरमीच्या कागदावरही त्यांनी सही केली. खळखळ केली नाही.

ती गोष्ट पुढं माझ्या पहिल्या पुस्तकात आली. मुलांनी ती स्नेहसंमेलनांत केली, कथाकथनाच्या स्पर्धांत सांगितली. बऱ्याच वर्षांनी, काळ बदलल्यावर, मी नव्या आवृत्तीत पारधी खोडून पुन्हा शिकारी केलं. प्रकाशकांनी कारण विचारलं नाही. सदूला मात्र मी हात लावला नाही. सदू काढला तर गोष्टच राहत नव्हती.

इतका वेळ मी एक रविवार सांगायचा टाळला. तो आता सांगते.

गणपती होऊन गेले होते, गवत गुडघाभर होतं. उजाडताच सुरमी खोलीवर आली. “बा रानात चाललाय. तुमी येता का, तितर बगाया?” मी गेले. डोंगऱ्या काळे काटक माणूस होता, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायचा. खांद्यावरच्या झोळीत काड्यांना बांधलेले, घोड्याच्या केसांचे फास होते. त्याने गवताच्या कडेने ओळीत काड्या रोवल्या आणि आम्हाला लांब एका टेकाडामागं बसवलं. बाई, खोकू नका, शिंकू नका, असं सुरमीने मला बजावलं.

तासाभराने गवतात फडफड झाली. एकच पाखरू सापडलं होतं. डोंगऱ्याने ते अलगद मोकळं करून हातात घेतलं, पाय बघितला, काटा नव्हता. मग उताणं धरून त्याने पोटावर हलकी फुंकर मारली. पिसं दुभंगली आणि खाली लालसर उघडी कातडी दिसली.

“अंड्यावरची हाय,” तो म्हणाला, आणि हात उघडला. तितरी गवतात शिरली.

मग त्याने सगळे फास उपटून झोळीत भरले.

“आता दुसरीकडे मांडणार का?” मी विचारलं.

“न्हाई. ऊन चडलं. आज आता कुटं मिळतंय?”

“म्हणजे आज काहीच नाही?”

“आज न्हाई.” तो हसला. “अंड्यावरची न्हेली तर म्होरल्या साली काय धरू, बाई? दगडं?”

परत येताना सुरमी पुढं पळत होती. तो माझ्याबरोबर चालत होता, दोन हात अंतर ठेवून.

“पोरगी म्हनती, तुमी लिवता. पुस्तकात.”

“पुस्तकात नाही, मासिकात. अजून छापलं नाही कुणी.”

“छापतील की.” त्याने झोळी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “आमचं कायतरी लिवा, बाई. हे आजचं लिवा. आमची नावं निस्ती पोलिसाच्या वहीत हायेत. तितं लई झाली.” आणि आपणच मोठा विनोद केल्यासारखा तो पुन्हा हसला.

“लिहीन,” मी म्हणाले.

घरी येऊन मी लिहायला बसले ते त्याचंच लिहायला. पण चार ओळी झाल्या आणि वाटलं, मुलांच्या गोष्टीत मुलगाच हवा. दया करणारा मुलगा असला की फास लावणारा दुसरा कुणी हवा. मग माणूस एकच असून त्याचे मी दोन केले. फुंकर एकाला दिली, फास दुसऱ्याला.

साहेब येऊन गेल्यानंतर दोन दिवस सुरमी आली नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गायरानात गेले. अंक पिशवीत होता. खरं काय ते सांगायचं, असं ठरवून निघाले होते. वाटेत वाक्यंही जुळवली होती.

डोंगऱ्या पालापुढं फासाचे केस वळत बसला होता. मला पाहून उठला, गोणपाट झटकून टाकलं.

“बसा, बाई. मीच येनार व्हतो. तोंड दाकवाया लाज वाटली.”

“तुम्हाला कशाची लाज?”

“पोरगी तुमच्याम्होरं खोटं बोलली म्हनं. सायेबाच्या देखत. काय बोलली त्ये सांगत न्हाई, लई इचारलं. निस्तं म्हनती, बाई म्हनल्या मी खोटं बोलले.” त्याचे हात केस वळत होते. “मी म्हनलं, बाई म्हनल्या आसतील तर तू बोलली आसशील. दोन दनके दिले तिला. आमी बाकी कसं बी आसू, पर बाईम्होरं खोटं नको.”

पालाच्या तोंडाशी सुरमी उभी होती. गालावर काही दिसत नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळलं की तिने बापाला गोष्टीतलं अवाक्षरही सांगितलेलं नव्हतं. दुष्ट पारधी तिने त्याच्यापर्यंत पोचू दिला नव्हता. त्यापेक्षा तिने मार खाल्ला होता.

मी वाटेत जुळवलेलं पहिलं वाक्य तोंडाशी आलं होतं. ते असं होतं: ‘सुरमी खोटं बोलली नाही.’ चार शब्द.

“जाऊ द्या,” मी म्हणाले. “लहान आहे ती. मी काही राग धरलेला नाही. उद्यापासून पाठवा तिला.”

“बग,” डोंगऱ्या तिला म्हणाला. “बाईंचं मन बग.”



“साहेबांनी सही केली आहे,” मी घाईघाईने म्हणाले. “चौथीची परीक्षा झाली की वसतिगृहात जायचं. आता दोनच महिने आहेत.”

“जाईल की,” तो म्हणाला. मग जरा खाकरून, माझ्या पायांकडे बघत त्याने विचारलं, “आन् बाई, त्ये लिवलं का हो? तितरीचं?”

पिशवी माझ्या मांडीवर होती. सुरमी तशीच उभी होती. पिशवीतून अंकाचं रंगीत टोक वर आलेलं तिला दिसत असणार.

“लिहिलंय,” मी म्हणाले. “अजून छापून आलं नाही.”

सुरमी आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात शाळेची पाटी होती, पेन्सिलीचे दोन तुकडे आणि मी दिलेलं अंकगणित. सगळं तिने माझ्यापुढं गोणपाटावर ठेवलं, एकेक.

“हे शाळेचं हाय, बाई. बगून घ्या.”

“अगं, परत कशाला? उद्या यायचंय ना तुला?”

“बगून घ्या, बाई. मागनं कुनी म्हनायला नको.”

“सुरमे, काय बोलतीस?” बाप ओरडला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. मी अक्षरशः वाट पाहिली की तिने सांगावं, म्हणजे माझी सुटका होईल. पण ती त्याला एवढंच म्हणाली, “मला न्हाई जमत शाळा. तुज्यासंगं रानात येते,” आणि पालामागं निघून गेली.

डोंगऱ्याने माझी माफी मागितली. दोनदा मागितली. पाटी त्यानेच उचलून माझ्या पिशवीत घातली.

शाळेत उंबरे गुरुजी माझी वाट पाहत थांबले होते. “काय म्हणाली?”

“नाही येत म्हणते.”

“वाटलंच मला. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ केलंत, बाई. मनाला लावून घेऊ नका.”

मी मान हलवली.

वर्षाअखेरीला शाळेच्या मोठ्या रजिस्टरात नावं कमी करायची होती. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात काहीतरी भरावं लागे. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम गुरुजी माझ्याकडे द्यायचे. काळे सुरमी डोंगऱ्या, इयत्ता चौथी, या ओळीशी मी आले. टाक दौतीत बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘पालकांचे स्थलांतर.’

मी लिहीत होते तिथून, उघड्या दारातून, गायरानातली पाचही पालं दिसत होती. पुढची दिवाळी होईपर्यंत ती तिथंच होती.